मानशीपाशी

पावणेनऊला, चोडणच्या बांधावर,
वारा अजून खारफुटीत अडकलेला असतो
तेव्हा मी तिपाई उभी करते.
निवृत्तीच्या पैशातून घेतलेली नळी,
तिच्यात नखाएवढी लाल काच.
शेजारी म्हणतात, एवढ्यात न्हाणीला फरशी झाली असती.
झाली असती.

डोळा लावला की आधी नुसतं लाल.
मग कडा बसते.
मी वहीत आठ बोटं रुंद वर्तुळ काढते,
डाग टिपते, तारीख घालते,
ढग असले तर 'ढग' लिहिते.
दोन हजार एकशे चौदा पानं,
त्यातली सहाशे नुसती ढग.

पुरसो मानशेकार रात्रीचं जाळं खांद्यावर घेऊन येतो,
पिशवीत कुर्ल्या खरवडत असतात.
'काय म्हणतो गो बाय, तुझा सूर्य?'

ही काळी रेघ बघ, मी म्हणते,
पंधरा पृथ्व्या ओळीने मांडल्या तर पुरतील एवढी लांब.
काळी नाही ती. मागे जास्त उजेड, म्हणून काळी.
चार दिवसांमागे कडेवर होती
तेव्हा हीच पेटल्यासारखी दिसत होती.
वायू आहे, थंड, म्हणजे तिथल्या हिशेबाने थंड,
आणि अधांतरी धरलेला.
'कोणी?'

शाळेत पंचवीस वर्षं मी कागदाखाली चुंबक धरून
वर लोखंडाचा कीस सांडत आले.
पुरसोला कीस नको. त्याला त्याचाच बांध दाखवते:
बाहेर नदी भरत आलेली, आत कोरगुट उभं,
मध्ये हातभर चिखल आणि दगड.
रेटा दिसत नाही, बांधाच्या फुगवट्यावरून कळतो.
तिथेही बांध आहेत, मातीचे नाहीत, ओढीचे.
पाय सूर्यात रोवलेले.
खाली सूर्य सारखा ढवळतोय, पाय सरकतात,
बांध पिळत जातो, पिळत जातो,
एक दिवस दोन बांध एकमेकांना टेकतात,
तुटतात, भलत्याच टोकाला जुळतात,
आणि धरून ठेवलेलं सगळं

पुरसो हात वर करतो. पुढचं त्याला माहीत आहे.
गेल्या कोजागिरीच्या उधाणाला
मानशीची दारं रात्रीत कोणीतरी उचलली. मासळीसाठी.
सकाळी कणसं खाऱ्या पाण्यात.
नाव सगळ्यांना ठाऊक, पंचायतीत कोणी घेतलं नाही.

'तिथे दारं कोण उचलतो?'
कोणी नाही.
'बरं आहे. नाव सांगायला नको.'
'आणि तिथल्या उधाणाची तिथी?'
अकरा वर्षांनी. कधी दहा, कधी बारा.
'म्हणजे पंचांग नाही त्याला.'

एक गोष्ट मात्र मलाही नीट सांगता येत नाही.
चुलीपासून दूर सरलं की शेक कमी होतो.
सूर्याचं उलटं. अंगावर सहा हजार अंश,
आणि वर, जिथे जवळजवळ काही उरलेलंच नाही, तिथे दहा-वीस लाख.
कोणी म्हणतात, दिसणार नाहीत एवढे बारके बांध
तिथे सारखे फुटत असतात.
कोणी म्हणतात, दोरी खालून झटकली की लाट वर जाते, तसं.
माझी वही काहीच म्हणत नाही.
ते शेवटचं, विरळ आवरण या नळीतून दिसत नाही.

ऐंशी साली दिसलं असतं. मी बारा वर्षांची.
अंकोल्याला खग्रास, बसने एका सकाळीचं अंतर.
आमच्याकडे दारं बंद, लोणच्याच्या बरणीवर दर्भ.
आई म्हणाली, डोळे मीट. मिटले.
कोंबड्या खुराड्याकडे परतलेल्या ऐकल्या.
मग डोळे किलकिले केले तर दाराच्या फटीतून
भिंतीवर एक कोर पडली होती, नखाच्या कापासारखी.
कोणाला सांगितलं नाही.

परवा बुधवारी रेघ जागेवर नव्हती.
फक्त जागा. दोन्ही अंगांना दोन फिकट उजळ पट्टे,
ओसरलेलं पाणी फेस सोडून जातं तसे.
पुरसोने डोळा लावला. बराच वेळ लावला.
'कधी फुटला असेल?'
रात्री. आपण पाठ करून होतो तेव्हा.
'इथवर येईल?'
आलंच तर शुक्रवार-शनिवारपर्यंत.
आपल्याला कळणारही नाही, पृथ्वीला तिचा बांध आहे.

तो हसला नाही. मानशीकडे गेला,
वाकून एकेक फळी हाताने चाचपत राहिला.
मी वहीत लिहिलं:
रेघ नाही. आकाश स्वच्छ.